सावडीच्या गोळ्या

डॉ. सबीना मुजावरनं बाटली टेबलावर उलटी केली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर पडल्या त्या सगळ्या अर्ध्या गोळ्या. दुसरी बाटली उपडी केली, तर तिचीही तीच गत.

“या कुणी मोडल्या?”

समोर हरणाबाई आणि रहिमतबी बसल्या होत्या. आटपाडीकडच्या एका वाडीतल्या, भिंतीला भिंत लागून घरं. दोघींच्या नवऱ्यांना, हरणाबाईच्या हिंदुरावांना आणि रहिमतबीच्या चांदसाहेबांना, एकाच वर्षात लिम्फोमा निघाला होता, मानेत आणि काखेत गाठी येणारा कॅन्सर. दोघे आता खाली तपासणीसाठी रक्त द्यायला गेले होते.

“म्या मोडल्या,” हरणाबाई म्हणाली. “अडकित्त्यानं. दाबली की टचकन तुटत्यात.”

मिरजेच्या या दवाखान्यात सबीना कितीतरी दिवस या एका गोळीच्या अभ्यासामागे लागली होती. ल्युकेमियाच्या काही पेशंटना ती लागू पडली होती, लिम्फोमाला पडते का ते पाहायचं होतं. सलाइनमधली नेहमीची औषधं सगळ्यांनाच मिळत. त्यांच्या जोडीला निम्म्या लोकांना ही गोळी आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली. कुणाला कुठली, ते पुण्यातल्या कॉम्प्युटरनं ठरवलेलं. सबीनालाही ते कळायची सोय नव्हती. हे सगळं तिनं सुरुवातीला घसा कोरडा होईपर्यंत समजावलं होतं आणि दोघींनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या होत्या.

“पण का?”

“ह्यांच्या गाठी पयल्याच म्हैन्यात इरघळल्या. चांदसायबांच्या हाईत तशाच. मंग कळायचं काय ऱ्हायलं?” हरणाबाईच्या बोलण्यात चूक केल्याचा मागमूस नव्हता. “दोनी घरात एकेक बैल हाय, बाई. सावडीनं जुपतो आन दोघांची रानं पेरतो. गोळीचंबी तसंच केलं. माज्यातली अर्धी हिला, हिच्यातली अर्धी आमाला.”

गेल्या महिन्यात हिंदुरावांच्या काखेतली गाठ पुन्हा वर आली होती. औषध हरलं असं समजून सबीना घरी जाऊन रडली होती. आणि इकडे या बायका उंबऱ्यात बसून अडकित्ता चालवत होत्या! तिच्या डोक्यात तिडीक गेली.

“अर्ध्या गोळीनं कुणीच बरं होत नाही, कळतंय का? एक माणूस सुधारत होता, त्यालाही खड्ड्यात घातलंत. आणि वर पुण्य केल्यासारख्या बसल्या आहात!”

“आवाज खाली कर,” रहिमतबी पहिल्यांदाच बोलली. “तू आपल्यातली पोरगी. अल्लाची आन घिऊन सांग, माज्या माणसाला काय देतीस?”

“मला माहीत नाही, खाला.”

“मला म्हाईत हाय. आन तुलाबी म्हाईत हाय.”

चांदसाहेबांच्या गाठी सबीनानंही स्वतःच्या बोटांनी चाचपल्या होत्या.

“मंग द्या की त्यास्नीबी खरी!” हरणाबाई चवताळली. “कपाट भरलंय तुमचं. तुमच्या बापाचं काय जातंय?”

“ते माझ्या हातात नाही. आधी सिद्ध व्हावं लागतं.”

“कवा व्हनार? मान्सं मेल्यावं?”

“अजून दोनेक वर्षं तरी लागतील.”

रहिमतबी हसली. त्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर परवडलं असतं.

सबीना उठली आणि तिनं कपाटातून दोघांच्या नावाच्या नव्या बाटल्या काढल्या. चांदसाहेबांची रहिमतबीपुढे सरकवली. हिंदुरावांची मात्र मुठीत धरून ठेवली.

“झालं ते मला वर कळवावंच लागेल. दोघांनाही अभ्यासातून काढून टाका म्हणतील. हरणाबाई, तुम्ही शब्द दिलात तरच मी हिंदुरावांसाठी भांडू शकते. रोज एक, अख्खी, त्यांच्याच पोटात. यांच्या घरात कणसुद्धा जाता कामा नये. द्या शब्द.”

“हिच्याम्होरं?”

“यांच्यासमोरच. उद्या यांनी मागितली तर तोंडावर नाही म्हणता यायला हवं.”

हे बोलताना सबीनाला स्वतःचाच राग आला. पण त्या दोघींवरचा राग त्याहून मोठा होता, आणि तोच वरचढ ठरला.

हरणाबाईनं रहिमतबीकडे पाहिलं. तिनं नुसतं हो म्हण असं खुणावलं असतं तरी पुरलं असतं. रहिमतबी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. आयुष्यभराची शेजारीण, पण एवढी मदत तिनं केली नाही, आणि का करावी?

“देती शब्द,” शेवटी हरणाबाई म्हणाली. “अख्खी ह्यास्नीच. दुसऱ्या कुनाला न्हाई.”

सबीनानं मूठ सोडली. अभ्यास वाचला, नशीब असेल तर हिंदुरावही वाचतील. तिला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली.

रहिमतबीनं आपली बाटली उचलली. दोघींची भाकरी एकाच पिशवीत होती, ती खांद्याला अडकवून ती दारापर्यंत गेली. तिथं थांबली आणि मागं न वळता म्हणाली, “चल गं. खालनं दोघांस्नी घ्यायचं हाय. गाडी चुकंल.”

हरणाबाई बाटली कमरेला खोचत होती.

“तू हो म्होरं,” ती म्हणाली. “आमी मागच्या गाडीनं येतो.”