भागीरथीचे कान

आटगावच्या सावळारामनं घरच्या स्पीकरांसाठी अगदी बारीक, उंच पट्टीचे आवाज वाजवणारे सुपरट्वीटर मागवले आणि ते पोचण्याआधीच शहापूरच्या डॉक्टरांनी त्याचे कान तपासून सांगितलं, "बारीक आवाज आता तुम्हाला ऐकू येणार नाहीत." मुलगा म्हणाला, "परत पाठवा, बाबा." पण ते आल्यावर सावळारामनं जोडलेच. मग बायकोला हाक मारली, "भागीरथी, ये गो, माझ्या खुर्चीत बस." लग्नापासून तिनं त्याची गाणी स्वयंपाकाच्या ओट्यापाशीच ऐकली होती. ती हात पुसत आली, ऐसपैस बसली. त्यानं रेकॉर्ड लावली. "जरा पाठी सरकवा," ती ट्वीटरांकडे बोट दाखवत म्हणाली. त्यानं सरकवले. "अजून. हां, आता टाळ सुटा वाजतोय!" त्याला काडीचाही फरक कळला नाही, पण तिची मान डोलताना बघून त्यानं स्क्रू पक्के आवळले. गाणं संपलं, तरी भागीरथी उठली नाही. "दुसरी बाजू लावा, आन् तुमी बसा चटईवर."