गार ब्लँकेट

“पोरगी ब्लँकेटं बनवते?” चांगो उडालाच. “मग इतके दिस लपवून का ठेवलीस रे?”

सोनालीने किशोरकडे पाहिलं. किशोर आकाशपाळण्याकडे पाहत होता. म्हसा गावच्या जत्रेत त्याच्या बापाचं, चांगोचं, ब्लँकेटांचं दुकान दरवर्षी लागे. बाप असा तापट, की फार घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातून माल हिसकावून घेई. ओरडला तरी गर्दीत ऐकू जाऊ नये म्हणून किशोरने लग्नाचं बोलायला ही जागा निवडली होती. “हिच्याशी लगीन करायचंय, ही ब्लँकेटं बनवते,” एवढं एकच वाक्य तो बोलला होता.

चांगोने सोनालीला गाठोड्यावर बसवलं, भजी मागवली. ती शेणवे गावची, गुजरातेत मोठ्या ऑफिसात आहे, हे ऐकून तर तो हवेतच गेला.

“ऐकलंस का गो?” त्याने घड्या घालणाऱ्या बायकोला हाक मारली. “अशी सून शोधून सापडायची नाय! वजन किती असतं गो पोरी तुमच्या मालाचं?”

“टनांत,” सोनालीच्या तोंडून निघून गेलं.

“अख्ख्या गाडीचं?”

“एकाचं.”

तिला हसू आवरेना. नुसतं गप्प बसलं की लग्न ठरत होतं. पण जन्मभर सासऱ्याशी खोटं बोलायचं, तेही ब्लँकेटवरून, हे काही तिला जमणारं नव्हतं.

“बाबा, ते लोकरीचं नाय, पोलादाचं असतं. सूर्यातल्यासारखी आग पेटवून वीज करायची भट्टी असते, तिला आतून पांघरल्यासारखं लावायचं, म्हणून ब्लँकेट. सगळी आग त्याने अंगावर घ्यायची. त्याच्या पोटातल्या नळ्यांतून वायू खेळवून ती उष्णता बाहेर न्यायची, म्हणजे ते वितळत नाय अन् बाहेर वीज होते. ते गार कसं ठेवायचं, हे मी ठरवते.”

“गार ब्लँकेट?” चांगोचे कान लाल झाले. “जन्मभर ऊब विकली मी! नाय! नोकरी सोड, नायतर पोराला सोड!”

शेजारच्या खेळणीवाल्याची पिपाणी थांबली. सोनालीचे डोळे भरून आले. तिला दोन्ही हवं होतं, अगदी मनापासून.

किशोरची आई जनाबाई उठली. तिने चांगोच्या हातात उसाचा गार रस दिला, तो अर्धा पिईस्तोवर त्याच्या शिव्या मुकाट ऐकल्या, मग त्याचे खांदे धरून तोंड रस्त्याकडे वळवलं. “एवढा आवाज आहे तर गिऱ्हाईक बोलवा.”

चांगो त्याच रागात ओरडू लागला. “ब्लँकेट घ्या, ब्लँकेट!” बघता बघता दुकानासमोर झुंबड उडाली.

जनाबाई सोनालीशेजारी टेकली.

“आग अंगावर घ्यायची, आपण वितळायचं नाय, अन् त्याच आगीवर घर चालवायचं. लगीन झाल्यापासून मी तेच करते,” ती हळूच म्हणाली. “ह्यांचं मी बघते. तू नोकरी सोडू नको गो. या कामाला पगार मिळतो, हे मला आजच कळलं.”