बसता येईल असा शर्ट

कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा माणूस खुर्चीवर बसला आणि त्याचं पोट शर्टातून बाहेर आलं. फाटलं काहीच नाही. कापड जागच्या जागी, आणि पोट त्याच्या पुढे.

देवयानीनं त्याला उभं केलं. पुन्हा बसवलं. पुन्हा तेच.

बाळ पाळण्यात झोपलं होतं, तेवढाच तिचा वेळ. खाली शंकर नगरच्या रस्त्यावर शेवगा विकणाऱ्या भाजीवाल्यानं “मुनगा ले लो, मुनगा” अशी हाक दिली, तशी तिनं उठून खिडकी लोटून घेतली. ऑनलाइन दुकानानं हा शर्ट दोनदा परत पाठवला होता. स्वतःच्या नावानं विकायला ठेवायचं तिचं हे पहिलंच काम. आज जमलं नाही, तर दुकान या शर्टाचं काम दुसऱ्या कोणाला देणार होतं.

“हा कोन व्हय?”

रेल्वेतून निवृत्त झालेले तिचे सासरे, नरहरी, पेपर ठेवायला आले होते ते पडद्यापुढेच थबकले.

“कोणी नाही, मामाजी. कॉम्प्युटरातला पुतळा. गेमवाले, कार्टूनवाले विकत घेतात. मग त्याले कपडे लागतात.”

“जीव नाही त्याले कपडे?”

“हव.”

“अन् पोट काहून देल्लं?”

“लोकच मागून राहिले. तिथं बायांचे कपडे ढिगानं आहेत. माणसांचे पाहाले गेलं, तर चिलखत नाहीतर सूट. साध्या, पोट सुटलेल्या माणसाचा शर्टच नाही कुठं.”

नरहरी हसले. देवयानी त्यांच्याकडे बघत राहिली. सासऱ्यांच्या पोटाकडे असं टक लावून बघायचं नसतं, हे कळत असूनही.

“मामाजी, जरा बसता का त्या खुर्चीवर?”

ते बसले.

“आता उठा. पुन्हा बसा.”

“पोरगी पाहाले आल्यावानी काहून पाहून राहिली वं? चालून दाखवू का आता?”

“नका चालू. बसाच फक्त.”

बसण्याआधी ते दोन्ही हातांनी शर्ट पोटावर जरा वर घेत. उठलं की खाली ओढत. आपण असं काही करतो हे त्यांच्या गावीही नव्हतं. बसल्यावर मधल्या बटणांपासून दोन्हीकडे चुण्या धावत. देवयानीनं त्या चुण्या नीट पाहून घेतल्या आणि ती पडद्याकडे वळली.

तिनं पोटावर कापड वाढवलं. बाजूच्या शिवणी खालून थोड्या उकलल्या. पाळणा हलला, एका पायानं ती त्याची दोरी ओढत राहिली, हात माऊसवर. मग तिनं पडद्यावरच्या माणसाला बसवलं.

तो बसला. शर्ट पोटावरून सावकाश उतरला आणि मांडीवर टेकला. कुठूनच काही बाहेर आलं नाही.

तिनं शर्ट पाठवला. दुकानाची तपासणी मशीनच करायची. पडद्यावर तपासणीचा गोल फिरत राहिला, फिरत राहिला, आणि हिरवी खूण उमटली.

“घेतला!” ती ओरडली आणि लगेच पाळण्याकडे बघून तिनं तोंडावर हात ठेवला.

नरहरी खुर्चीतून उठले नव्हते. ते पडद्यावरच्या माणसाकडेच बघत होते.

“आरामात बसला बेटा. ढील किती देल्ली त्याले?”

“तुमच्याकडे पाहूनच दिली, मामाजी. तुमचं कापड बटणांपाशी जेवढं ताणते ना, तेवढी.”

नरहरींनी मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. मधल्या दोन बटणांमध्ये फट पडली होती, आतली बनियन दिसत होती. ती फट त्यांनी दोन बोटांनी मिटून धरली.

“म्हणजे तुले दिसत होतं,” ते म्हणाले.