डोक्यातले पहारेकरी

इस्पितळातल्या पडद्यावर दिगंबररावांच्या मेंदूतल्या पहारेकरी पेशींचा सकाळचा अहवाल उमटला: 'कॅन्सरच्या गाठीची चौकशी केली. आपलीच आहे म्हणाली. तिला रक्त पोहोचवलं.'

"पुन्हा तेच!" कुमुदबाईंनी कपाळावर हात मारला. 'गावाकडचा आहे' म्हणणाऱ्या कुणालाही त्यांचा नवरा महिनामहिना घरी ठेवून घ्यायचा. आता पेशीही तशाच भोळसट!

"डॉक्टर, माझ्या पेशी घाला यांच्या डोक्यात. त्या दारातूनच हाकलतील."

डॉक्टरांनी घातल्या. दुसऱ्या सकाळी अहवाल आला: 'गाठ फोडायला घेतली. इथे राहणारा माणूसही अनोळखी निघाला. त्यालाही हाकलतो आहोत.'

खाटेवर दिगंबररावांना हुडहुडी भरली होती.

"अगं बायांनो, थांबा!" कुमुदबाई पडद्याकडे बघून ओरडल्या. "आपलेच आहेत ते!"