मागची बाजू

एकतिसावा खोका परत आला तेव्हा सूनबाईने तो फोडलासुद्धा नाही. आत काय असणार ते तिला पाठ होतं: एक शर्ट आणि त्याला टाचलेली चिठ्ठी, ‘घट्ट होतो.’ चाळीस गेले, एकतीस परत आले. उरलेले नऊ जण, सासऱ्यांच्या मते, आळशी असणार.

कपड्यांच्या दुकानाची ही वेबसाइट तिने चांगली नोकरी सोडून एकटीने उभी केली होती. गिऱ्हाइकाला दिसतात ती पानं तिची, आणि त्यांच्यामागे माल, पत्ते, ऑर्डरी सांभाळणारी सगळी यंत्रणाही तिचीच. “समोरची बाजू मी, मागची बाजूही मीच,” असं ती पाहुण्यांना सांगे. काही न कळलेले पाहुणे आदराने मान डोलावत. सासऱ्यांनी तिला दुकानाच्या कोपऱ्यात एक टेबल दिलं होतं आणि एक महिना. नाही जमलं तर वेबसाइट बंद, टेबलाच्या जागी मोज्यांचा रॅक. रॅकसाठी जागेचं माप त्यांनी आधीच घेऊन ठेवलं होतं. महिना संपायला तीन दिवस उरले होते.

तिने मागची यंत्रणा पुन्हा एकदा उलटीपालटी करून पाहिली. ज्याने मीडियम मागवला त्याला मीडियमच गेला होता. गोदामातून, सीलबंद, थेट. चूक काही सापडेना. शेवटी तिने सासऱ्यांच्या गळ्यातली टेप मागून घेतली. दुकानात टांगलेला एक मीडियम मोजला, मग परत आलेला मीडियम मोजला. दोन्हींत चांगला दोन इंचांचा फरक.

“बाबा, हा टांगलेला मीडियम नाहीये.”

“आहे की. लेबल बघ.”

“लेबल मीडियमचं आहे. शर्ट लार्ज आहे.”

सासऱ्यांनी दाराकडे नजर टाकली. गिऱ्हाईक नाही याची खात्री करून घेतली आणि मागच्या खोलीचा पडदा बाजूला सारला.

आत सासूबाई नाकाच्या टोकावर चष्मा ठेवून बसल्या होत्या. मांडीवर लार्ज शर्ट, दातांत दोरा, शेजारी बिस्किटांच्या जुन्या डब्यात लेबलंच लेबलं. लार्जचं लेबल उसवायचं, तिथे मीडियमचं शिवायचं. एक्स्ट्रा लार्जला लार्जचं. आई इथे सैल बटणं पक्की करत बसतात, असं सूनबाई सात वर्षं समजत आली होती.

“कधीपासून चाललंय हे?”

“दुकान उघडल्यापासून,” सासरे म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होताच. “तीस वर्षांत या दुकानात कुणी जाड झालेलं नाही. समोरचे वकीलसाहेबच घे. दुसरीकडे कुठेही मीडियम घालून बघतात, बसत नाही. मग म्हणतात, लोकांना माप कळत नाही. आणि येतात आपल्याकडे.”

आता सगळा उलगडा झाला. मागवणारी बहुतेक सगळी दुकानाचीच जुनी गिऱ्हाइकं. मापाचा तक्ता तिने मोठ्या हौसेने टाकला होता, पण तो उघडला कुणी? आपलं माप माणसाला आपल्या नावासारखं पाठ असतं. आणि खोके तर सासूबाईंची सुई चुकवून गेलेले.

“मग आई, मला सांगायचं नाही का?”

“तूच म्हणायचीस ना, मागची बाजूही मीच,” सासूबाई म्हणाल्या. “म्हटलं, केली असेल काहीतरी सोय.”

“ही फसवणूक आहे,” सूनबाई तावातावाने म्हणाली. “आज पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत टाकते. खरं माप, इंचांत. खरं कळल्याने कुणी रडत नाही. माझंच घ्या ना. लग्नाआधी मीडियम, दोन बाळंतपणं झाली तरी मीडियम. मला कधी कुणाला...”

सासूबाईंची सुई थांबली. सासरे घडी घातलेल्या शर्टाची पुन्हा घडी घालू लागले.

सूनबाईचा हात सावकाश मानेमागे गेला. अंगातला शर्ट याच दुकानातला होता. सगळेच याच दुकानातले होते. तिने बोटांनी लेबल चाचपलं. मशीनची शिवण सपाट लागते. इथे चार टाके हाताला लागले आणि शेवटी एक बारीकशी गाठ.

ती कॉलर नीट करून कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली आणि खुर्ची पुढे ओढून बसली.

“मोज्यांचा रॅक दुसरीकडे लावा, बाबा,” ती स्क्रीनकडे बघत म्हणाली. “उद्यापासून खोके आधी इथे उतरतील. समोर आहे तसंच राहू दे. मागची बाजू आई बघतील.”