भातावर चहा

"एक युद्ध हरलो तेवढं पुरे! पुन्हा सैन्य नको!" विद्यापीठातल्या सभेत तोकुजी गरजला आणि पोलीस मागे लागले. "माझ्याकडे चल. जीव गेला तरी तोंड उघडणार नाही," म्हणत वर्गमित्र कियोहिकोने त्याला क्योतोतल्या घरी लपवलं. आज बाहेरून आल्यापासून कियोहिको कोपऱ्यात तोकुजीकडे पाठ करून बसला होता. त्याची आई तोकुजीला म्हणाली, "भातावर चहा ओतून देऊ का रे?" तोकुजी खोखो हसला. क्योतोत असं विचारलं की पाहुण्याने निघायचं असतं, हे कियोहिकोनेच त्याला शिकवलं होतं. "आई, मी काय परका आहे? वाढा की!" "नक्की खाणार?" दाराकडे बघत तिने पुन्हा विचारलं. "दोन वाडगे!" ओतताना निम्मा चहा चटईवर सांडला. अंगणात पोलिसांचे बूट वाजले. मान वर न करता कियोहिकोने दार सरकवून उघडलं. "दोनदा विचारलं रे तुला," आई पुटपुटली.