अंगण वाकडं

"बाई, डावा पाय आत कलतोय."

भिंगरी बाकावर बसून बुटाची नाडी आवळत होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाखालच्या पात्यावरून अंगठा फिरवला.

"पातं ठीक आहे. बूट नवे, त्यात आज निवड चाचणी. धास्ती घेतली की पाय वाकडाच वाटतो."

"काल सकाळी नव्हतं असं वाटत."

"नाचता येईना, अंगण वाकडं!" बाईंनी तिच्या गालावर टिचकी मारली.

भिंगरी हसली. बाईंनी थट्टा केली की तिची निम्मी भीती पळायची. बर्फावरचं पहिलं पाऊल तिने बाईंचं बोट धरून टाकलं होतं. पात्यांना धार लावायची बाईंनी, स्क्रू आवळायचे बाईंनी. दुसऱ्या कुणाचा हात बुटांना लागलेला बाईंना खपत नसे. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम एक छोटा स्क्रूड्रायव्हर असायचा. बाकीच्या मुलींच्या आया त्याला बाईंचा दागिना म्हणत.

आज पहिली येईल ती दूरच्या शहरातल्या मोठ्या केंद्रात जाणार होती. राहायचं तिथे, शिकायचं तिथे, कोचही तिथलेच. भिंगरीला वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती. तिच्याशी खरी चुरस एकाच मुलीची. ती दुहेरी उड्या मारायची, सोप्या पण स्वच्छ. भिंगरीची उडी तिहेरी. हवेत तीन पूर्ण फेऱ्या झाल्या तर तिला कोणी गाठू शकत नव्हतं. पाव फेरी जरी कमी पडली तरी गुण कापले जाणार.

बाईंना हे केंद्र नवं नव्हतं. त्यांच्या हाताखालून किती मुली तिथे गेल्या. पहिल्या महिन्यात रोज फोन यायचा, मग फक्त वाढदिवसाला, मग तोही नाही. बाईंच्या घरातलं जेवणाचं टेबल चौघांचं होतं आणि एक खुर्ची सोडली तर बाकीच्यांवर जुन्या वर्तमानपत्रांच्या चवडी असायच्या. भिंगरीची आई संध्याकाळच्या पाळीला जाते, म्हणून भिंगरी सरावानंतर बाईंकडे जेवायला येऊ लागली. तेव्हा बाईंनी आणखी एक खुर्ची मोकळी केली. गेल्या आठवड्यात त्यांनी त्या खुर्चीवर नवी उशी शिवून घातली होती.

भिंगरीचं नाव पुकारलं. संगीत सुरू झालं. पोरगी वाऱ्यासारखी धावली, पाठमोरी वळली आणि डाव्या पायावरून उडाली. उतरताना जरा डगमगली, पण पडली नाही. सबंध रिंक टाळ्यांनी भरून गेलं. सगळ्यात जोरात बाईंच्या टाळ्या.

मग गुण लागले. तिहेरी उडी अपुरी. भिंगरी दुसरी.

बाई तरातरा पंचांच्या खोलीत शिरल्या. उड्या तपासणारे पंच आणि बाई, दोघं तरुणपणी जोडीने स्केटिंग करायची. आता वर्षाकाठी चाचणीपुरती भेट, तीही लांबून.

"केसाने गळा कापलास पोरीचा!"

"पाव फेरी कमी होती," पंच म्हणाले.

"डोळे गेलेत तुझे."

"हातच्या कंकणाला आरसा कशाला? ये, पडद्यावर बघ."

"मला नाही बघायचं."

"मी पुन्हा पुन्हा पाहिलं. पूर्ण भरावी असं मलाच वाटत होतं गं." पंचांनी चष्मा काढून पुसला. "उडी घेतानाच डावा पाय आत गेला. मागच्या चाचण्यांत तिचा असा कधी गेला नव्हता."

बाईंचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. मग त्यांचा आवाज असा चढला की बाहेरच्या बोळात लोक थांबले. "अवघड उडी मारणारीला शिक्षा आणि सोपी मारणारीला बक्षीस! आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय नुसतं!"

"कोच असावी तर अशी," एक आई दुसरीला म्हणाली.

संध्याकाळी चहाच्या टेबलाशी पंचांच्या शेजारी कोणी बसलं नाही. त्यांनी दोन बिस्किटं खाल्ली, कप विसळून ठेवला आणि निरोप न घेता निघून गेले. निकाल खरा होता. पण खरं बोलणाऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसतो कोण?

कपडे बदलायच्या खोलीत भिंगरी गुडघ्यात तोंड घालून बसली होती. बाकीच्या मुली केव्हाच गेल्या होत्या.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "उगाच बुटाला नावं ठेवत होते."

"तुझं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या.

"आता संपलं ना सगळं?"

"संपतंय कशाने? मी आहे ना."

"तुम्हीच आहात फक्त." भिंगरीने त्यांच्या कमरेला मिठी मारली. "माझ्यासाठी किती भांडलात! मी आता कुठ्ठे जाणार नाही, बाई. तुमच्याजवळच राहणार."

बाईंना रडू आलं. ते खरंच होतं, आणि लवकर थांबेना. शेवटी भिंगरीच त्यांची पाठ थोपटू लागली.

"जा, तोंड धुऊन ये," बाईंनी डोळे पुसले. "घरी जाऊन गरम गरम जेवू. बूट राहू देत, मी पुसून ठेवते."

भिंगरी गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

बाईंनी डावा बूट मांडीवर घेतला, पातं कोरडं केलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून स्क्रू सैल केले, आणि पातं केसभर आत सरकवून काल सकाळच्या जागी परत आणलं.